कोकणातून आल्प्सकडे : हिवाळ्यात ब्रेनर ओलांडून स्की-गावापर्यंतच्या गाडीप्रवासाचे नियोजन

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कुडाळ या भागांतील अनेक घरांतला मुलगा किंवा मुलगी आता जर्मनीत नोकरीला असते, आणि आईवडील नाताळच्या सुमारास तिकडे गेले की गाडी करून आल्प्समधील एखाद्या स्की-गावात चार दिवस राहून यावे असा बेत हमखास होतो. ज्याने भर श्रावणात आंबा घाट किंवा आंबोलीचा घाट धुक्यातून उतरलेला आहे, त्याला हा बेत अवघड वाटत नाही. तसे वाटणे बरोबरही आहे, कारण वळणावर वेग आवरणे, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणे आणि समोरचे दिसेनासे झाले तर घाई न करणे या सवयी तिकडेही तितक्याच कामाला येतात. मात्र ‘सावकाश जाऊ, काही होत नाही’ हे आपल्या घाटांत बहुधा निभावून जाणारे धोरण आल्प्सच्या हिवाळ्यात निभावत नाही. तिथे रस्ता बंद झाला तर तो बंदच असतो, आणि गोठलेल्या रस्त्यावर सावकाश चालणारी गाडीही घसरते. म्हणून या प्रवासाच्या नियोजनात मी सर्वांत वरचे स्थान वेळापत्रकातील एका मोकळ्या दिवसाला देतो. जाताना अडकलो तर मुक्काम कुठे करायचा आणि कोणत्या वेळेनंतर पुढे जायचे नाही, हे घरी बसून, शांत डोक्याने ठरवलेले असले की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात.

विवेचन ठोस व्हावे म्हणून एकच मार्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे : जर्मनीतील म्युनिकहून निघून ऑस्ट्रियातील इन्सब्रुकमार्गे ब्रेनर खिंड ओलांडायची आणि इटलीच्या दक्षिण तिरोल प्रांतातील व्हाल गार्देना या खोऱ्यात पोहोचायचे. अंतर साधारण २६० किलोमीटर आहे आणि रस्ता कोरडा व मोकळा असेल तर सव्वातीन तासांत ते कापता येते. हिवाळ्यात मात्र याच अंतरासाठी पूर्ण दिवस धरावा.

मार्गाची निवड

आल्प्स ओलांडण्याच्या खिंडी पुष्कळ आहेत, पण हिवाळ्यात त्यांतील थोड्याच उघड्या असतात. छायाचित्रांतून प्रसिद्ध झालेली २,७५७ मीटर उंचीची स्टेल्व्हिओ खिंड, ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर मार्ग आणि स्वित्झर्लंडमधील २,१०६ मीटर उंचीची गोटहार्ड खिंड या थंडी सुरू होताच वाहतुकीला बंद होतात आणि वसंत ऋतू सरता सरता पुन्हा उघडतात. गोटहार्डखालून १९८० साली सुरू झालेला सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा बारमाही चालू असतो, परंतु सुट्टीच्या दिवसांत त्याच्या दोन्ही तोंडांशी लांबच लांब रांगा लागतात. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा माँ ब्लाँ बोगदा ११.६ किलोमीटर लांबीचा आहे. अलीकडच्या काही वर्षांत दुरुस्तीसाठी तो शरद ऋतूत कित्येक आठवडे पूर्ण बंद ठेवला गेला, त्यामुळे त्या बाजूने जायचे असल्यास तारीख पाहिल्याशिवाय बेत पक्का करू नये. ऑस्ट्रियात पश्चिमेकडे सांक्ट अँटोन या स्की-गावाला जाणाऱ्यांसाठी सुमारे १४ किलोमीटरचा आर्लबर्ग बोगदा आहे आणि त्याचा टोल वेगळा भरावा लागतो.

ब्रेनरची गोष्ट वेगळी आहे. आल्प्सच्या मुख्य रांगेतील मोठ्या खिंडींमध्ये ती सर्वांत बुटक्या खिंडींपैकी एक, म्हणजे सुमारे १,३७० मीटर उंचीची असून तिच्यावरून थेट महामार्ग जातो. बर्फ हटवणारी यंत्रे तिथे रात्रंदिवस तयार असतात. पहिल्यांदाच बर्फात गाडी नेणाऱ्या कोकणी कुटुंबाने डोळे मिटून हीच खिंड निवडावी असे मला वाटते. म्युनिकहून ए-८ महामार्गाने रोझेनहाइमपर्यंत, तेथून ए-९३ ने कुफश्टाइनची सीमा ओलांडून ऑस्ट्रियाच्या ए-१२ वर, इन नदीच्या काठाकाठाने इन्सब्रुक, तिथे दक्षिणेकडे वळून ए-१३ ने चढत ब्रेनर आणि पलीकडे इटलीच्या ए-२२ ने उतरत क्लाउझेनचा फाटा, असा हा सरळ मार्ग आहे. इन्सब्रुक सोडल्यावर थोड्याच वेळात ‘युरोपा पूल’ लागतो. दरीपासून १९० मीटर उंचावरचा हा पूल १९६३ साली खुला झाला. त्यावर वारा जोराचा असतो, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे आणि छायाचित्रे काढण्याचे काम मागे बसलेल्यांकडे सोपवावे.

या मार्गाची एक अडचण आवर्जून सांगितली पाहिजे. ए-१३ वरील लुएग पुलाच्या पुनर्बांधणीमुळे जानेवारी २०२५ पासून त्या टप्प्यावर वाहतूक साधारणपणे प्रत्येक दिशेला एकाच मार्गिकेने सोडली जाते. वर्दळीच्या दिवशी दोन मार्गिका उघडतात, तरीही सुट्टीच्या शनिवारी तिथे खोळंबा ठरलेलाच असतो. खोळंबा दिसताच मोबाइलवरील नकाशा बाजूच्या गावांतून वाट काढून देतो, पण ती वाट धरू नये. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांताने हिवाळ्यातील शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी नुसत्या पुढे जाणाऱ्या वाहनांना महामार्ग सोडून गावरस्त्यांवर उतरण्यास अनेक ठिकाणी मनाई केलेली आहे, आणि पोलीस अशा गाड्या परत महामार्गावर पाठवतात.

व्हाल गार्देनात पोहोचल्यावर सेल्ला आणि गार्देना या खिंडींवरून पुढच्या खोऱ्यात उतरण्याचा मोह होतो. दोन्ही २,१०० मीटरपेक्षा उंच आहेत, जोराची बर्फवृष्टी झाली की बंद होतात आणि उघड्या असल्या तरी नवख्याच्या कामाच्या नाहीत. स्कीवर त्या बाजूला जरूर जावे. गाडी गावातच राहू द्यावी.

तारीख आणि वेळ

२६ डिसेंबर ते ६ जानेवारी हा काळ सर्वांत गर्दीचा असतो. ६ जानेवारीला बव्हेरिया (म्युनिक ज्यात येते ते जर्मन राज्य), ऑस्ट्रिया आणि इटली या तिन्ही ठिकाणी सुट्टी असते, त्यामुळे त्या आठवड्याच्या शेवटी परतीची गर्दी एकदम उसळते. फेब्रुवारीत कार्निव्हलनिमित्त शाळांना मिळणाऱ्या सुट्ट्या पुन्हा रस्ते भरून टाकतात. डिसेंबरच्या मध्याला व्हाल गार्देनातील ‘सासलाँग’ उतारावर स्कीइंगची विश्वचषक स्पर्धा असते आणि त्या दिवसांत खोलीही मिळत नाही आणि गाडी लावायला जागाही. मुलांना रजा मिळत असेल तर १० जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे सर्वोत्तम असतात : बर्फ भरपूर असतो, भाडे उतरलेले असते आणि रस्ता मोकळा असतो.

बहुतेक हॉटेलांत मुक्कामाचा आठवडा शनिवारी बदलतो, म्हणून प्रवास मंगळवारी किंवा बुधवारी करावा. डिसेंबरअखेर म्युनिकमध्ये सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. आपल्याकडील माणूस पहाटे चारला निघून ‘उन्हाच्या आधी घाट चढू’ असा हिशेब करतो. इथे तो हिशेब उलटा बसतो, कारण पहाटेच्या वेळी रस्ता सर्वांत जास्त गोठलेला असतो. सकाळी नऊला म्युनिक सोडावे, अकरा-साडेअकरापर्यंत इन्सब्रुक गाठावे आणि दुपारी तीनच्या आत व्हाल गार्देनात शिरावे. काही कारणाने दुपारी दोनपर्यंत इन्सब्रुक सुटले नाही, तर त्या दिवशी ब्रेनर चढू नये. इन्सब्रुकची उंची ५७४ मीटर आहे, शहर मोठे आहे आणि ऐनवेळी खोली मिळू शकते. हीच वेळेची मर्यादा घरातल्या सर्वांना आधी सांगून ठेवावी, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर ‘आता आलोच आहोत तर जाऊन टाकू’ असा आग्रह धरायला कोणी उरत नाही.

मुंबईहून विमानाने उतरल्या दिवशी लगेच गाडी हातात घेणे टाळावे. हिवाळ्यात घड्याळ साडेचार तासांनी मागे गेलेले असते, रात्रभर झोप झालेली नसते आणि शरीर किनाऱ्यावरच्या तीस अंशांतून थेट शून्याच्या आसपास आलेले असते. पहिली रात्र म्युनिकमध्ये काढावी, दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेऊन तिची ओळख करून घ्यावी आणि तिसऱ्या दिवशी निघावे. परतीच्या बाजूला आणखी एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे रस्ता बंद झाला तरी विमान चुकत नाही.

कागदपत्रे

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधीपासून आणि किमान पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. अर्ज त्या देशाकडे करायचा असतो जिथे सर्वाधिक रात्री काढायच्या आहेत. विमान म्युनिकला उतरत असले तरी मुक्काम मुख्यत्वे व्हाल गार्देनात असेल तर अर्ज इटलीकडे जातो, आणि मुलीच्या घरी दोन आठवडे राहून मध्ये चार दिवसच बर्फात जायचे असेल तर तो जर्मनीकडे करावा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मात्र आपल्याकडील साध्या प्रवास विम्यात स्कीइंगची दुखापत बहुधा धरलेली नसते, म्हणून हिवाळी खेळांचे वेगळे संरक्षण त्यात आहे की नाही हे विमापत्रातील मजकूर वाचूनच ठरवावे. इटलीच्या स्की-उतारांवर जानेवारी २०२२ पासून दुसऱ्याला झालेल्या इजेबद्दलचा विमा सक्तीचा आहे. तो स्की-पाससोबत तिथेच घेता येतो. नोव्हेंबर २०२५ पासून हेल्मेटही सर्व वयांच्या माणसांना सक्तीचे झाले आहे.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा पेण येथील परिवहन कार्यालयातून, म्हणजे ज्याला आपण आरटीओ म्हणतो तिथून, तो मिळतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. तो मूळ परवान्यासोबतच चालतो, त्यामुळे दोन्ही जवळ हवेत. हे काम मुंबईला निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नये.

गाडी, टायर आणि साखळ्या

भाड्याची गाडी घेताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : गाडीला हिवाळी टायर आहेत का, बर्फात चाकांवर बसवायच्या साखळ्या मिळतील का आणि गाडी ऑस्ट्रिया व इटलीत नेण्याची परवानगी आहे का. जर्मनीत हिवाळी टायरचे भाडे काही वेळा वेगळे लावतात, आणि काही प्रकारच्या गाड्या इटलीत नेऊ देत नाहीत. अनामत रकमेसाठी चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेले चिन्ह असते, ते स्वतः वाकून पाहावे. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हेच चिन्ह असलेले टायर हिवाळी टायर म्हणून ग्राह्य धरले जातात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि त्यांच्या खाचांची खोली किमान ४ मिलिमीटर असावी लागते. इटलीच्या ब्रेनर महामार्गावर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात एक तर हिवाळी टायर हवेत किंवा गाडीत साखळ्या हव्यात. हा नियम केवळ दंडापुरता नाही. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते आणि रस्ता कोरडा असला तरी त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फात रुततात.

एवढे असूनही साखळ्या सोबत घ्याव्यात आणि त्या बसवण्याचा सराव म्युनिकमधील कोरड्या, सपाट वाहनतळावर, दिवसाउजेडी करावा. ज्याने साखळी पहिल्यांदा हातात घेतली ती बर्फाच्या वादळात, चढावर, अंधारात, त्याच्या हातून ती बसत नाही. आधी टायरच्या कडेवरचा आकडा, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६, साखळीच्या पेटीवर छापलेल्या यादीत आहे का ते पाहावे. बहुतेक गाड्यांची पुढची चाके फिरती असतात, तेव्हा साखळ्या पुढच्या चाकांना लागतात. नक्की कोणत्या चाकांना हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. हँडब्रेक ओढून, गाडीतली जुनी चटई जमिनीवर टाकून गुडघ्यावर बसावे. साखळी जमिनीवर पसरून तिचे पीळ सोडवावेत. मग तिची मागची कडी किंवा तार चाकामागून सरकवून वरच्या बाजूला दोन्ही टोके एकमेकांत अडकवावीत. त्यानंतर साखळी टायरच्या रुंदीवर सारखी पसरवून पुढच्या बाजूची आकडी लावावी, ताण देणारी साखळी कुलुपासारख्या कडीतून ओढून घट्ट करावी आणि उरलेले टोक रबरी पट्ट्याने बांधून टाकावे. ते मोकळे राहिले तर चाकासोबत फिरून गाडीचा पत्रा फोडते. पन्नास-साठ मीटर गाडी पुढे नेऊन थांबावे आणि ताण पुन्हा तपासावा, कारण पहिल्या फेऱ्यात साखळी हमखास सैल होते. दोन्ही चाकांना मिळून पहिल्या खेपेस अर्धा-पाऊण तास लागतो, दुसऱ्या खेपेस तो निम्म्यावर येतो. स्वयंपाकघरात वापरतात तसे रबरी हातमोजे आणि कपाळावर बांधायची विजेरी या दोन स्वस्त वस्तूंनी हे काम फार सोपे होते. लोकरीचे मोजे घालून हे करायला जाऊ नये. ते भिजतात आणि मग बोटे काम करेनाशी होतात.

निळ्या गोल फलकावर साखळी लावलेल्या चाकाचे चित्र दिसले की साखळ्या लावणे बंधनकारक समजावे. त्या लावून ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त वेग घेऊ नये, आणि बर्फ संपून डांबर दिसू लागले की बाजूच्या थांब्यावर लगेच काढाव्यात.

आपण उजवीकडे स्टिअरिंग असलेली गाडी रस्त्याच्या डावीकडून चालवतो. तिथे सगळेच उलट असते. गिअर उजव्या हाताला येतो आणि वर्तुळाकार चौकात डावीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे लागते. बर्फ आणि उलटी बाजू या दोन नव्या गोष्टी एकाच दिवशी शिकू नयेत. शक्यतो ऑटोमॅटिक गाडी घ्यावी आणि आदल्या दिवशी शहराबाहेरच्या शांत रस्त्यांवर तासभर चालवून हात बसवावा. घरात कोणीच उजव्या बाजूने गाडी चालवलेली नसेल, तर माझा स्पष्ट सल्ला असा की म्युनिकहून ब्रेनरमार्गे जाणाऱ्या रेल्वेने ब्रिक्सेन किंवा बोल्झानो गाठावे आणि पुढे बसने व्हाल गार्देनाला जावे. खिडकीतून दिसणारी दरी तीच असते.

टोलचे तीन प्रकार या एकाच मार्गावर भेटतात. जर्मनीत छोट्या गाड्यांना टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी ‘व्हिन्येट’ नावाचा मुदतीचा परवाना घ्यावा लागतो. दहा दिवसांचा साधारण १२-१३ युरोला मिळतो. डिजिटल व्हिन्येट गाडीच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, त्यामुळे भाड्याची गाडी हातात आल्याशिवाय तो घेता येत नाही. अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी आणि जादा पैसे घेणारी अनेक संकेतस्थळे आहेत; ऑस्ट्रियाच्या महामार्ग संस्थेचे, म्हणजे आस्फिनागचे, संकेतस्थळ तेवढे वापरावे आणि मुदत कोणत्या तारखेपासून सुरू होते ते पैसे भरण्यापूर्वी वाचावे. इन्सब्रुक ते ब्रेनर या ए-१३ च्या टप्प्याला व्हिन्येट चालत नाही, तिथे वेगळा टोल भरावा लागतो. इटलीच्या ए-२२ वर शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे.

गोठलेला रस्ता

मुसळधार पावसात रस्ता धोक्याचा झाला की तो दिसतो : पाणी वाहते, माती येते, कठडा खचलेला असतो. बर्फातला सर्वांत मोठा धोका दिसत नाही. पारदर्शक बर्फाचा पातळ थर डांबरावर बसला की रस्ता केवळ ओला वाटतो, आणि श्रावणात जांभ्याच्या पायऱ्यांवर धरलेल्या शेवाळासारखा तो पाय पडल्यावरच कळतो. पूल, सावलीतली वळणे आणि बोगद्यातून बाहेर पडण्याची जागा इथे तो आधी धरतो. गाडीच्या पडद्यावर बाहेरचे तापमान ३ अंशांच्या खाली गेले की हा थर असणारच असे समजून चालवावे. दर हजार मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा इन्सब्रुकमध्ये ४ अंश असतील तर ब्रेनरवर शून्याच्या खाली असण्याचीच शक्यता जास्त.

अंतराचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगात पूर्ण ब्रेक लावल्यावर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १२ ते १५ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर चाळीसेक मीटर घेते आणि गोठलेल्या थरावर शंभर मीटरच्या आसपास जाते. चालकाला ब्रेक दाबेपर्यंत लागणारा वेळ यात धरलेला नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवावे. स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या तिन्हींवर हात-पाय हलके असावेत. चढावर मध्येच थांबू नये, आणि थांबावेच लागले तर दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचलावे. उतारावर इंजिनाच्या जोरावर वेग आवरावा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरण्याची आपल्याकडची सवय इथे पूर्ण सोडावी. अचानक थांबण्याची वेळ आली तर ब्रेक जोराने दाबून धरून ठेवावा. पायाखाली थरथर जाणवते ती ब्रेकप्रणाली चाक अडू देत नसल्यामुळे, आणि घाबरून पाय उचलायचा नाही. गाडी घसरू लागली तर ॲक्सिलरेटर सोडून, जिकडे जायचे आहे तिकडे पाहत स्टिअरिंग तिकडे वळवावे. दरीकडे पाहिले की हातही दरीकडे वळतात.

बर्फ ढकलणारे यंत्र पुढे असेल तर त्याला ओलांडू नये. त्याच्या मागचा रस्ता हा त्या वेळी उपलब्ध असलेला सर्वांत चांगला रस्ता असतो. महामार्गावर गाड्या तुंबल्या की जर्मनी आणि ऑस्ट्रियात सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतील गाड्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते रुग्णवाहिका दिसण्याआधी, वाहतूक मंदावताच करायचे असते.

रस्ता बंद असेल तेव्हा

फेब्रुवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातील पात्स्नाउन खोरे सततच्या बर्फवृष्टीमुळे कित्येक दिवस बंद होते. २३ फेब्रुवारीला गाल्ट्युअर या गावावर हिमस्खलन कोसळून ३१ माणसे गेली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाल्त्सूर वस्तीवर आणखी सात, आणि अडकलेल्या हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली ते ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना भिजून जड झालेला उतार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. साठलेल्या बर्फाचा उतारही असाच अचानक सुटतो. तिथले स्थानिक हिमस्खलन मंडळ जेव्हा रस्ता बंद करते तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात, आणि अडथळ्याच्या बाजूने गाडी काढणे किंवा ‘एवढा एकच टप्पा’ म्हणून विनवणी करणे हे कोणीही करू नये.

तिरोल, दक्षिण तिरोल आणि त्रेंतिनो या तीन प्रांतांचे संयुक्त हिमस्खलन पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी ५ वाजता प्रसिद्ध होते, आणि त्यात १ ते ५ अशी धोक्याची पातळी दिलेली असते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते पाहावे. पातळी ४ असेल आणि रात्री आणखी बर्फवृष्टीचा अंदाज असेल, तर राखून ठेवलेला मोकळा दिवस तिथेच वापरावा. निघण्याच्या सकाळी महामार्गावरील कॅमेऱ्यांची चित्रेही पाहावीत. ब्रेनरवरचा रस्ता काळा दिसतो की पांढरा, हे अंदाजापेक्षा त्यातून नीट कळते. यासाठी कुफश्टाइन किंवा इन्सब्रुक येथील एक खोली, विनाशुल्क रद्द करता येईल अशा अटीवर, आधीच राखून ठेवणे हा मला सर्वांत स्वस्त विमा वाटतो.

सामान

ऑस्ट्रियात गाडीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारे जाकीट असणे सक्तीचे आहे. भाड्याच्या गाडीत बहुधा ते असते, पण जाकीट डिकीत तळाशी न ठेवता आसनाजवळ ठेवावे, कारण ते घालूनच बाहेर उतरायचे असते. त्याशिवाय काच खरवडायची पट्टी, छोटे फावडे, गोठणार नाही असे काच धुण्याचे पाणी, एक जाड पांघरूण, पाणी आणि मोबाइल चार्जर हवा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये. तीन-चार तास अडकलो तर इंजिन चालवूनच ऊब मिळते, आणि अशा वेळी धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही हे मधूनमधून उतरून पाहावे, कारण विषारी वायू गाडीत शिरतो आणि त्याला वास नसतो. संकटात ११२ हा क्रमांक तिन्ही देशांत चालतो.

खाण्यासाठी घरून भाजलेले शेंगदाणे, गुळाची चिक्की, आंबापोळी, फणसपोळी न्यावी. दूध किंवा मांस असलेले पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि खवा घरीच राहू द्यावा.

दापोलीत पारा दहा अंशांच्या खाली आला की आपल्याकडे त्याची बातमी होते. व्हाल गार्देनात जानेवारीच्या रात्री उणे दहा ही नित्याची गोष्ट आहे. सुती बनियन घामाने ओला होऊन अंग गार पाडतो, म्हणून आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. मात्र जाडजूड जाकीट घालून गाडी चालवू नये आणि मुलांनाही तसे बसवू नये. जाकिटामुळे पट्टा सैल राहतो आणि धक्का बसल्यास मूल त्यातून निसटते. मुलांच्या आसनाचे नियम तिन्ही देशांत वेगळे आहेत, पण १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य आसन दिले की तिन्हींची पूर्तता होते.

गावात आणि परतताना

क्लाउझेन ५२५ मीटरवर आहे आणि व्हाल गार्देनातील ओर्तिसेई हे गाव १,२३६ मीटरवर, म्हणजे महामार्ग सोडल्यावर जवळपास सातशे मीटरची चढण शिल्लक असते, आणि थकलेल्या चालकाच्या वाट्याला सर्वांत वळणाचा टप्पा शेवटी येतो. फाट्याआधीच्या थांब्यावर पंधरा मिनिटे विश्रांती घ्यावी, शक्य असल्यास चालक बदलावा.

रात्री गाडी लावताना वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’ वर ठेवावी. जुन्या पद्धतीचा हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून बसू शकतो. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. काचा, दिवे, क्रमांकाची पट्टी आणि छत असे सगळे स्वच्छ करूनच निघावे. छतावरचा बर्फ राहिला तर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर घसरतो किंवा मागच्या गाडीवर उडतो, आणि त्यासाठी दंडही होतो.

परतीच्या दिवशी उत्तरेकडच्या बाजूची माहिती पुन्हा नव्याने पाहावी, कारण ब्रेनरच्या दोन बाजूंचे हवामान पुष्कळदा वेगळे असते : दक्षिणेला ऊन आणि उत्तरेला बर्फवृष्टी, किंवा याच्या अगदी उलट. व्हिन्येटची मुदत शिल्लक आहे का ते तपासावे. गाडी परत करण्याची वेळ विमानाच्या आदल्या संध्याकाळची ठेवावी, टाकी विमानतळाजवळच्या पंपावर भरून पावती जपावी आणि गाडीच्या चारही बाजूंची, चाकांची आणि काचांची छायाचित्रे उजेडात काढून ठेवावीत, कारण टायर, काच आणि गाडीच्या खालच्या भागाचे नुकसान पुष्कळ भाडेकरारांत विम्याबाहेर असते.